सपरीतलं पोतं

माझा आवाज मोठा आहे आणि तो मी कमी करणार नाही. मी एसटीत कंडक्टर आहे. वर्धा-समुद्रपूर रस्त्यावर माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. दारात लोंबकळणाऱ्याला आत ढकलायचं, अर्ध्या तिकिटाचा हट्ट धरणाऱ्या पोराला त्याची फुटलेली मिशी दाखवायची, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसलेल्याला जागं करायचं, यातलं एकही काम हळू आवाजात होत नाही. आई म्हणते, बाईच्या जातीला इतका आवाज शोभत नाही. त्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मात्र तिच्या घरात सगळे इतके हळू बोलत होते की मला आधी वाटलं, घरात कोणीतरी गेलं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. लाकडाचा नंदीबैल, खाली चाकं, शिंगांना रंग, गळ्यात माळ. लेकरं तो ओढत घरोघरी जातात, लोक नंदीची पूजा करतात आणि लेकरांच्या हातावर बोजारा ठेवतात. बोजारा म्हणजे एखादी नोट, बिस्किटाचा पुडा, चॉकलेट, ज्याला जे जमेल ते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तेव्हा तिसरीत होती, आठ वर्षांची. तिचा नंदी मीच घेऊन दिलेला. ड्युटी आटोपून मी मुद्दाम गावच्या फाट्यावर उतरले, चालत घरापर्यंत आले. गल्लीभर पोट्टे, फुगे, पिपाण्या, आणि आमची पोरगी कुठंच नाही.

ती मागच्या सपरीत होती. सपरी म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची पडवी. तिथं आमच्या घरी सरपण, गोवऱ्या आणि पाळी आलेली बाई, अशा तिन्ही वस्तू ठेवतात. कोपऱ्यात एक पोतं अंथरलेलं असतं. त्या पोत्यावर लग्नाआधी मी बसले आहे, आता माझी भावजय बसते. त्या दिवशी त्यावर ही बसली होती. बाजूला वेगळं ताट, वेगळा पेला. समोर रंगवलेल्या शिंगांचा नंदी, आणि त्याची दोरी हिच्या मुठीत.

"काऊन वं, इथं काऊन बसली?" मी विचारलं.

तिनं आजीकडे पाहिलं. आई मला बाजूला घेऊन गेली आणि कानाशी लागून म्हणाली, "बाहेरची हाय ते."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुई भाची. आजकाल होते लवकर. उन्हाळ्यापासून डाग दिसून राह्यले चड्डीवर. मीच पाह्यले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षांची पोर, जिचे पुढचे दात आत्ता कुठं वर आलेत, ती म्हणे बाहेरची! मी विचारलं, दर महिन्याला दिसतात का डाग? आई म्हणाली, कधी आठ दिवसांत दोनदा, कधी पंधरा दिवसांनी, सुरुवातीले कुठी नेम राह्यते. म्हणजे डाग दिसला की पोरगी पोत्यावर. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाजवळ फिरकायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. आणि आज घरोघरी नंदीची पूजा, तर हिनं नंदी न्यायचा कसा? हिनं सकाळीच त्याला हात लावला होता, म्हणून नंदीही बाहेर.

मी सरळ जाऊन पोत्यावर तिच्याजवळ बसले. आईनं "अवो, शिवली तू!" म्हणून कपाळाला हात लावला. लावू दे.

"रक्त केव्हा येते वं?"

"संडासले गेलो का येते," ती म्हणाली.

"दुखते?"

"नाई."

"मंग कोणाले सांगतलं काऊन नाई?"

"कोणी इचारलंच नाई. आजी म्हणे, हे कोणाले सांगायचं नसते."

मी रोज शेकडो माणसांना एकच प्रश्न विचारते, कुठून बसले? त्याशिवाय तिकीट फाटत नाही. त्या घरातल्या एकाही शहाण्याला त्या रक्ताबद्दल एवढं विचारावंसं वाटलं नव्हतं, की ते येतं कुठून. डाग पाहिला, अर्थ लावला, पोतं अंथरलं, मोकळे झाले. मुलगा असता तर त्याच दिवशी दवाखान्यात नेला असता. मुलगी म्हटल्यावर रक्ताला दुसरं काही कारण असूच शकत नाही, असं या लोकांनी ठरवून टाकलं होतं.

मी आरडाओरडा केला म्हणून भावानं तिला एका डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होते. भाऊ जिनिंगमध्ये कामाला आहे. कापसाच्या गाड्या अडवून मालकाशी दोन हात करणारा माणूस, पण तिथं छताच्या पंख्याकडे बघत म्हणाला, "थोडी गरमी झाली पोरीले, खालून." डॉक्टरनं मान वर केली नाही. मूळव्याध, म्हणाला. तिखट बंद, मलम लावा, रात्री चूर्ण द्या. पोरीला जवळ बोलावलं नाही, तपासायच्या टेबलावर घेतलं नाही, किती दिवसांपासून हेही विचारलं नाही. पुढचा पेशंट आत आला तेव्हा आम्ही अजून खुर्चीवरून उठलोही नव्हतो.

भाऊ मात्र खूश. मूळव्याध हे कसं, इज्जतदार दुखणं आहे. आमच्या वडिलांना होतं, चार माणसांत बोलता येतं. आईनं मलमही घेतलं आणि पोतंही ठेवलं. तिचं म्हणणं, मूळव्याध असेल तर असेल, पण डाग तो डागच.

दिवाळीच्या सुट्टीत पोरीला मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेला माझ्या घरी आणलं. बसच्या पायऱ्या चढताना ती मध्येच थांबली आणि दांड्याला धरून उभी राहिली. घरी आल्यावर बघते तर डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक. दप्तरातले खडू अर्धे खाल्लेले. सकाळी मी तिच्या मागोमाग संडासात गेले आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ताजं लाल रक्त. ती शांतपणे म्हणाली, "रोज नाई येत आत्या, आज आलं." जणू पाऊसच.

त्याच दिवशी तिला मोठ्या हॉस्पिटलात, लहान मुलांच्या पोटाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी पहिला प्रश्न मला नाही, पोरीला विचारला. शी कडक होते का, रक्त शीच्या वर दिसतं की मिसळलेलं, पोट दुखतं का, जेवण जातं का. पोरगी खाली मान घालून पण नीट उत्तरं देत होती. इतक्या महिन्यांत तिला हे विचारणारं पहिलं माणूस भेटलं होतं. मग बाईंनी तिला तपासलं, रक्त तपासायला पाठवलं, शी तपासायला पाठवली, आणि मला समोर बसवून सांगितलं.

लहान मुलांना मूळव्याध क्वचितच होते, त्या म्हणाल्या. इतके महिने, न दुखता, लाल रक्त येत असेल तर बहुतेक वेळा मोठ्या आतड्यात पॉलिप असतो, म्हणजे आतून देठावर लोंबणारी गाठ. बहुतेक करून साधी असते, पण रक्त गळत राहतं आणि मूल असं पांढरं पडतं, खडू-माती खायला लागतं. खात्री करायची तर कॅमेऱ्याची बारीक नळी शौचाच्या वाटेनं आत घालून पाहावं लागतं. कोलोनोस्कोपी म्हणतात तिला. गाठ दिसली तर तिथल्या तिथं काढता येते. पोरीला भूल दिलेली असते, तिला काही कळत नाही.

मी कंडक्टर आहे, कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, मॅडम, आमच्या एका ड्रायव्हरच्या मुलाचं पोट दुखायचं, त्यालाही कुणीतरी उगीचच हीच तपासणी सांगितली होती. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नुसतं बेंबीजवळ दुखतं, मूल खातंय, वाढतंय, किंवा शी कडक होतेय, अशा मुलाला मी हे सांगणार नाही. आधी त्याची शी सुधारीन. भूल द्यायची, नळी घालायची, तर त्याला कारण पाहिजे. हिच्याजवळ कारण आहे."

मला बाई पटल्या. मी भावाला आणि आईला बोलावून घेतलं आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. भाऊ उभाच राहिला.

"तिकडून नळी? माया पोरीले? नाई करत आपण असं."

"डॉक्टर बाई हाय ना?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. "पण मशीनवाला माणूस असन. पोरीची जात हाय बापा. उद्या सोयरिकीच्या टायमाले कोणी बोभाटा केला तं?"

"बोभाटा?" मी म्हटलं, आणि शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी बंद केला, इतका माझा आवाज चढला. "पोळ्याच्या दिवशी सारं गाव दारावरून गेलं. साऱ्यायले समजलं पोट्टी पोत्यावर बसली म्हणून. तवा नाई झाला बोभाटा? तवा लाज नाई वाटली? अन आता डॉक्टरनं पाह्यलं तं इज्जत जाते काय तुमची?"

भाऊ म्हणाला, "पोरगी माई हाय." आणि तिला घेऊन गेला. तिनं पायरीवरून वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही करू शकले नाही. आत्या म्हणजे कोण? खाऊ आणणारी बाई. मी पुढचे कितीतरी दिवस प्रवाशांवर खेकसत होते. एका म्हाताऱ्याला सुट्ट्या पैशांवरून इतकी बोलले की ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं.

माझी भावजय या सगळ्यात कुठं होती, असं कोणी विचारील. ती गावच्या घरी भिंतीला टेकून होती. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं घरातलं बोलणं म्हणजे "हो" आणि "वाढू काय". मला तिचाही राग यायचा. आई ती, पोर तिची, आणि तोंडात मूग. पण सासूसमोर तोंड उघडलेली सून आमच्याकडे कुठं नांदते, हेही मला माहीत होतं, म्हणून तो राग मी गिळायची.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी माझी बस गावच्या फाट्यावर थांबली. वेचणीला जाणाऱ्या बायांच्या घोळक्यातून एक बाई बाजूला झाली आणि पोरीचा हात धरून बसमध्ये चढली. भावजय. डोक्याला वेचणीचं फडकं, हातात कापडी पिशवी.

"ताई, आमच्या दोघींचं तिकीट फाडा. वर्ध्याचं."

"घरी सांगतलं?"

"कापूस वेचाले जातो म्हणून निंगालो." मग ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. आदल्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पोरगी घेरी येऊन पडली होती. सरांनी उचलायला हात पुढं केला तर ही डोळे उघडून ओरडायला लागली, शिवू नका मले, शिवू नका. सर घरी येऊन सांगून गेले. "सासूबाई म्हणे, पाहा कशी शायनी हाय पोट्टी. ताई, मले वाटलं, हे पोट्टी मरन न् मरता मरता बी आपल्याले दूर सरकाले सांगन."

मी दोरी ओढली. डबल बेल दिली. ड्रायव्हरला म्हटलं, आज जरा पाय दाब.

डॉक्टरबाईंनी लगेच तपासणी ठरवली. आदल्या दिवशी आतडं धुऊन निघायला हवं. पाण्यात कालवायची पावडर दिली, ते पाणी पेला पेला करून प्यायचं. जेवण नाही, दूध नाही. नारळपाणी चालेल, गाळलेलं लिंबूपाणी चालेल, लाल सरबत मात्र नको, आत ते रक्तासारखं दिसतं. मी ड्युटी बदलून घेतली. माझ्या घरात पोरगी तोंड वाकडं करून पेला हातात धरून बसली होती. भावजयीनं तिच्या पेल्यातला एक घोट घेतला आणि तिचं स्वतःचं तोंड असं झालं की पोरगी फसकन हसली. मग एक घोट तू, एक घोट मी, असं करत पोरीनं पाणी संपवत आणलं. भावजयीला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असेन.

दुपारी आई आणि भाऊ दारात. बातमी पोचली होती, वेचणीच्या बायांच्या जिभेला हाड कुठलं. आईच्या हातात डबा होता. तिनं झाकण उघडलं, आत कोहळ्याची बोंडं, म्हणजे गोड भजी, पोरीच्या आवडीची, अजून कोमट. "उपाशी ठेवली माया लेकरीले," म्हणून आईच्या डोळ्यांतून पाणी. तिनं एक बोंड पोरीच्या तोंडाशी नेलंही. खरी चीड मला याचीच येते. आई दुष्ट असती तर भांडण सोपं होतं. ती त्या पोरीसाठी हिंगणघाटवरून बस बदलून डबा घेऊन आली होती, आणि त्याच हातांनी तिनं महिनोन्महिने पोतं अंथरलं होतं.

भावजयीनं ते बोंड सासूच्या हातातून काढून घेतलं आणि डब्यात परत ठेवलं.

"चाल घरी," भाऊ तिला म्हणाला.

"नाई."

"तुले समजून राह्यलं का, काय म्हणतो मी?"

"समजते. सही मी करतो. मायची सही चालते, इचारलं मी." एवढं बोलून ती पोरीला घेऊन आत गेली. मी भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. भाऊ पायरीवर बसला. पहिल्यांदा माझ्या आवाजाची गरज पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोरगी आत गेली आणि आम्ही चौघं बाकावर. भाऊही आला होता. चहा गार व्हायला लागतो तेवढ्या वेळानं, म्हणजे मला तरी तसं वाटलं, डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्क्रीनवरचा फोटो दाखवला. गुलाबी, ओलसर भिंत आणि तिच्यावर देठाला लटकलेली लाल गाठ. गावरान बोराएवढी. तारेच्या फाशात पकडून त्यांनी ती मुळापासून काढली होती. बाकी आतडं चांगलं आहे, म्हणाल्या, गाठ तपासायला पाठवते, पण काळजी करण्यासारखं वाटत नाही. रक्त भरून यायला औषध घ्यावं लागेल. नंतर त्या गाठीचा रिपोर्टही साधाच निघाला.

एक बोर! उन्हाळ्यापासून कापसापर्यंत पोरीचं रक्त गळत होतं ते एका बोरापायी. मूळव्याध म्हणणाऱ्यानं एकदा बोट लावून पाहिलं असतं, आईनं एकदा विचारलं असतं, भावानं एकदा पंख्याऐवजी पोरीकडे पाहिलं असतं.

आई वाकून फोटोकडे बघत होती. मग माझा पदर धरून म्हणाली, "मंजे ते नोतंच?"

"नोतं."

"मंग देवाले कायी इटाळ झाला नाई," आई म्हणाली आणि तिनं हात जोडले. चेहरा एकदम मोकळा. मला हसावं की ओरडावं कळेना. देवाचं निभावलं होतं. पोरीचं कोणी बोलत नव्हतं.

पोरगी भुलीतून जागी झाली तेव्हा डॉक्टरबाई खाटेजवळच होत्या. त्यांनी तिला सांगितलं, रक्त यायचं कारण काढून टाकलं बघ, आता घाबरायचं नाही. पोरीनं डोळे किलकिले केले. तिला भूक लागली होती, पण बोंडं मागितली नाहीत तिनं. म्हणाली, "म्हंजे आता मले बाहेर बसा नाई लागन?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं नव्हतं, बाहेर म्हणजे कुठं. मला कळलं होतं. आज नाही बसावं लागणार. पण चार-पाच वर्षांनी खरंच डाग येईल, आणि सपरीतला कोपरा तिथंच असेल, पोतंही तिथंच. बाईंची तार आतड्यातली गाठ काढू शकते. आमच्या घराच्या आत कोणी नळी घालायची?

"नाई," भावजय म्हणाली. आईसमोर, नवऱ्यासमोर, मोठ्यानं. "आता बी नाई, न् मोठी झाल्यावर बी नाई."

आई म्हणाली, "असं कसं वं? ते येगळं राह्यते."

भावजय पोरीचं पांघरूण नीट करत होती. गावी गेल्यावर मात्र तिनं सपरीतलं पोतं उचललं, झटकलं, त्यात गोवऱ्या भरल्या, तोंड सुतळीनं शिवलं आणि चुलीजवळ आणून टाकलं. मी दारातच होते, नंदी अजून सपरीतच उभा होता. आईनं विचारलं, मंग आता तू कुठी बसशीन? भावजय म्हणाली, "घरात." आई माझ्याकडे बघत राहिली, मी काही बोलेन म्हणून. मी पोरीला हाक मारली आणि म्हटलं, जा वं, नंदी आत आण.